खातं कुणी वाटलं?

बाईला पगार कमी का, असं विचारलं की आपल्यातलाच कुणीतरी चहाचा ग्लास आपटून सांगतो, ‘काम हलकं, म्हणून दाम हलकं.’ थांब, दोस्ता. काम हलकं ठरवलं कुणी?

चिंचपोकळीत राहणाऱ्याला गिरणीचं गणित शिकवायला नको. साचेखात्यात पगार बरा. तिथं आपल्या पणज्याला मज्जाव. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याची थुंकी सवर्ण विणकराला कशी चालेल? म्हणून आपले लोक रिंगखात्यात, कमी पगारावर. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी लाल पुढाऱ्यांना हाच जाब विचारला. आणि बाया? त्यांना रिळिंग, वाइंडिंग. आपल्याला विटाळाचं कारण, त्यांना बाईपणाचं. कारणं दोन, कुलूप एकच.

मी गोदीत गोण्या उचलतो. आमच्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर गोणी उचलणाऱ्या गड्याचा रोज वर, सांडलेलं धान्य झाडून भरणाऱ्या बाईचा खाली. दोघांच्या नाकातोंडात धूळ तीच. तिलाही गोणीवर घ्या म्हटलं तर मुकादम हसतो. टोळीतले आपले गडीही हसतात. त्या हसण्याचीच मजुरी तिच्या रोजातून कापली जाते.

बीडकडच्या ऊसतोडीत तर नवराबायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. बाईच्या घामाला वेगळा आकडाच नाही!

कायदा नाही असं नाही. 1944 साली मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कायदेमंडळात ठासून सांगितलं, की कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकंच वेतन. संविधानात कलम 39(घ) आलं. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. 2019 च्या वेतन संहितेनं तो पोटात घेतला. पण कायदा मोजतो ‘समान काम’. मग मालक काय करतो? कामच वेगळं पाडतो.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीनं हेच केलं. स्टेनो बायांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार. ऑड्री डिकॉस्टा कोर्टात गेल्या. कंपनी म्हणाली, साहेबांच्या खासगी स्टेनो फक्त बायाच आहेत, तुलना कुणाशी करणार? शिवाय युनियनबरोबर करार झालाय. शिवाय पैसा नाही. 1987 साली सुप्रीम कोर्टानं तिन्ही सबबी फेकून दिल्या. त्या जागेवर फक्त बाया आहेत, कारण मॅनेजमेंटनंच त्यांना तिथं बसवलंय!

नीट ऐका. त्या करारावर युनियनचीही सही होती. युनियन म्हंजे कोण? आपणच ना?

म्हणून मागणीपत्रात नुसतं ‘समान वेतन’ लिहून भागणार नाही. सगळी कामं बाईला खुली करा, झाडूचा रोज गोणीच्या रोजाला आणा, आणि तिचा पगार तिच्याच हातात द्या. साचेखात्याच्या दारात आपल्याला अडवणाऱ्यांना आपण जातीयवादी म्हणतो. आज गोणीच्या थप्पीपाशी बाईला अडवून हसणाऱ्याला काय म्हणायचं, ते शाखेच्या पुढच्या बैठकीत बायांसमोर उभं राहून सांगा.