बायपासनंतरची महागडी डबी

अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीत कुणी हृदयाची बायपास करून परतलं, की भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा डॉक्टर होतो. ‘अँटिऑक्सिडंट घ्या, अंगात ताकद येईल!’ शस्त्रक्रिया शासनाच्या महात्मा फुले योजनेत मोफत झाली तरी या गोळ्यांची डबी खिशातूनच घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर झालेल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त ई आणि क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट पाच वर्षं देऊन पाहिली. २००२ साली निकाल आला: ना झटके घटले, ना मृत्यू. शस्त्रक्रियेनंतर ठोके बिघडू नयेत म्हणून क जीवनसत्त्वाच्या छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली खरी, पण त्या झाल्या रुग्णालयातल्या देखरेखीखाली.

झडप बदललेल्यांनी जास्त जपावं. त्यांना दिलं जाणारं, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असताना ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव वाढू शकतो. तपासणीला जाताना गोळ्यांच्या पिशवीत ही डबीही टाकावी.