टर्बो इंजिनाची बदनामी

संपादक महाशयांस,


टर्बोयुक्त पेट्रोल इंजिन हे जात्याच अल्पायुषी यंत्र असून सुज्ञ गृहस्थाने त्याच्या वाटेस जाऊ नये, असा जो निकाल आपल्या एका पत्रलेखकाने गेल्या अंकात साक्षीपुराव्यावाचून देऊन टाकला आहे, त्यावर अपील करण्याची परवानगी असावी. माझी कैफियत अशी की, हे इंजिन लवकर बिघडते ते प्रायः तेलापायी, आणि त्या तेलाची मुदत ठरविणारे वेळापत्रक गाडी विकताना ग्राहकास अर्धेच सांगितले जाते.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या योजनेचे एकस्व मिळविले तिचे तत्त्व साधे आहे. एरवी नळीवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी, आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घ्यावे. परंतु हा दांडा मिनिटास दीड-दोन लाख फेरे घेतो, भर चढणीवर पेट्रोलचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, आणि अशा स्थितीत दांड्यास तोलून धरणारी वस्तू कोणती, तर तेलाचा केसाहूनही बारीक थर. ते तेल जळून काळे पडले की पहिला बळी टर्बोचा जातो. बोरघाट दणक्यात चढून लोणावळ्यास चिक्कीच्या दुकानापुढे थांबताक्षणी किल्ली फिरविणाऱ्याच्या ध्यानी येत नाही की, तेलाचा पंप तत्क्षणी थांबला असला तरी चक्र अद्याप धगधगत आहे आणि बेअरिंगात अडकलेले तेल जागच्या जागी करपत आहे. हल्लीच्या पुष्कळ टर्बोंस पाण्याने थंड ठेवण्याची सोय असते, हे खरे. तरीही मिनिटभर इंजिन चालू ठेवल्याने कोणाचे दिवाळे निघत नाही.

आता वेळापत्रक. आपल्याकडे तेलबदलाची मुदत बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, क्वचित १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, अशी दिलेली असते. हमरस्त्याने ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १०,००० किलोमीटर अंतर सुमारे १६७ तासांत कापते. हडपसर ते हिंजवडी असा नित्याचा वनवास भोगणाऱ्या आणि ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने सरकणाऱ्या गाडीच्या इंजिनास तेवढ्याच अंतरासाठी ५०० तास राबावे लागते. एकाचे तेल दुसऱ्याच्या तिप्पट काळ तापत राहिले, आणि काट्याच्या दफ्तरी मात्र दोघांच्या नावे नोंद एकच! शिवाय दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, आणि न जळालेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरून उतरून तेलात मिसळते व त्यास पातळ करते, ते वेगळेच. कंपन्या याबाबत अनभिज्ञ आहेत असे मुळीच नाही. धुळीचे रस्ते, पदोपदी खोळंबणारी रहदारी, आखूड फेऱ्या, कडक उन्हाळा अशा 'खडतर वापरात' तेल मुदतीपूर्वी, पुष्कळदा निम्म्या मुदतीतच, बदलावे असे कलम अनेक मालक-पुस्तिकांत छापलेले आढळते. फक्त ते इतक्या मागच्या पानावर असते की तिथवर जाण्याचे धैर्य विमा-दलालासही होऊ नये. पुणे, ठाणे, नागपूर, कोल्हापूर यांपैकी कोणत्या शहरातील कोणती गाडी या कलमाच्या कक्षेबाहेर आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. अपवाद म्हणून लिहिलेले कलम जेथे सर्वांसच लागू पडते, तेथे ते मागे ढकलण्यात 'वर्षाकाठी देखभालीचा खर्च किती अल्प' असे दुकानात म्हणता यावे, याखेरीज दुसरी कोणती तजवीज असावी?

तेलाच्या प्रतीविषयीही असाच अंधार आहे. पेट्रोल वाचविण्याच्या हौसेने पाचव्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटली, की टर्बो इंजिनात ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेण्याचा संभव असतो, आणि असा एखादा दणका पिस्टनला तडा देण्यास पुरेसा होतो. तेलातील कॅल्शियमयुक्त क्षालकद्रव्ये या प्रकारास उत्तेजन देतात, असे आढळल्यावरूनच २०१८ साली 'एसएन प्लस' व २०२० साली 'एसपी' या प्रती निघाल्या. आपल्या गल्लीतील गॅरेजवाला मात्र पिंपातले २०डब्ल्यू-४० ओतून 'घट्ट तेल, इंजिन मस्त' असे प्रमाणपत्र देतो, आणि ज्या इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० नेमलेले आहे त्याच्या बारीक नळ्यांनी त्याचे काय करावे, याचा विचार कोणीच करीत नाही. अधिकृत कार्यशाळांचाही शिरस्ता फारसा निराळा नाही. व्हॉल्व्हवरचा कार्बन निघेल म्हणून तेथे टाकीत ओतण्याचे औषध विकतात. पण ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते त्यात ते आगमन-व्हॉल्व्हला शिवतसुद्धा नाही, मग ते औषध तेथे पोहोचणार कसे?

ग्राहकास अर्धेच सांगण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला जुनाच आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली मोटार निघाली. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण शिंपडण्याची व्यवस्था होती, आणि त्याची टाकी भरत राहणे ही मालकाची जबाबदारी होती. मालक टाकी भरीनात. टाकी रिती झाली की गाडीचा जोर ओसरे. तक्रारी वाढल्या, आणि अखेर कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून तेथे साधे कार्ब्युरेटर बसविण्यात आले. माझे प्रतिपक्षी यावरून मालकांस हसतील. मला दोष कंपनीचा वाटतो, कारण नव्या यंत्राची नवी गरज विकताना ठासून सांगणे हे विकणाऱ्याचेच काम होते. आपल्याकडे तर २००६ पासून १२०० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांस मिळालेली करसवलत आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेले बी.एस. ६ हे दंडक, या दोहोंमुळे ग्राहक या इंजिनांकडे लोटलाच गेला आहे. मग गाडी ताब्यात देताना 'खडतर वापराचे' वेळापत्रकच मूळ वेळापत्रक म्हणून हाती का देऊ नये, आणि चाललेल्या तासांचा हिशेब ठेवू शकणाऱ्या इंजिनाच्या संगणकाने तो आकडा मालकाच्या डोळ्यांपुढे का ठेवू नये? ओतलेल्या तेलाची प्रत जॉबकार्डावर नोंदविण्याची सक्तीही त्याबरोबरच व्हावी.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्या पत्रलेखकाशी सहमत आहे. रबरी नळ्या, इंटरकूलर, वेस्टगेट असे जादा सुटे भाग आले की बिघाडाच्या जागा वाढतात, आणि लाखभर किलोमीटर धावलेली, देखभालीचे कागदपत्र नसलेली टर्बो गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणे हा जुगारच आहे. ज्यास घर ते मंडई एवढेच अंतर रोज कापावयाचे आहे, त्याने साधे इंजिनच घ्यावे.

आपला,
एक नित्य वाचक, पुणे