साखर तोडली म्हणजे कर्करोग उपाशी मरतो का?

गेल्या महिन्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. बाईंना स्तनाचा कर्करोग आहे आणि मोठ्या रुग्णालयात उपचार चालू आहेत. वजन मात्र दोन महिन्यांत सहा किलोंनी उतरले होते. आहाराची चौकशी केली तेव्हा मुलगा उत्साहाने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, साखर, गूळ, भात, भाकरी, फळे सगळे बंद केले आहे. तेलही बंद. कर्करोग साखरेवरच जगतो ना?" बाई गप्प होत्या. तो औषधे आणायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "चतकोर भाकरी तरी द्यायला सांगा हो त्याला."

मुलाचे आईवर प्रेम आहे यात शंका नाही. शिवाय त्याने ऐकलेली गोष्ट अगदीच बिनबुडाची नाही. तिच्यामागे खरे संशोधन आहे, पण त्याच्यापर्यंत ते अर्धेच पोहोचले. म्हणून आज ते पुरते सांगायचे आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे एक पातळ आवरण असते. हे आवरण म्हणजे नुसती भिंत, असे पूर्वी समजत. १९८०च्या दशकात अमेरिकेत बोस्टन येथे लुईस कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील एका स्निग्ध रेणूवर काम केले. पीआय-३ कायनेज नावाचे एक विकर या रेणूच्या ठराविक जागी फॉस्फेट जोडते, असे त्यांनी १९८८ साली दाखवले. फॉस्फेट जोडले गेले की पेशीला आत निरोप मिळतो : 'वाढ, साखर घे, मरू नकोस.' पीटेन नावाचे दुसरे प्रथिन ते फॉस्फेट काढून निरोप थांबवते. अनेक कर्करोगांत पहिले विकर बिघडून सतत चालू राहते, किंवा थांबवणारे पीटेनच नाहीसे होते. मग निरोप थांबतच नाही.

हा स्निग्ध रेणू पेशी स्वतः घडवते. फोडणीतल्या चमचाभर तेलाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा तेल तोडून हा निरोप बंद पडेल, ही आशा व्यर्थ आहे.

साखरेचे काय? इन्सुलिनही याच विकरामार्फत काम करते. त्यामुळे हे विकर रोखणारे औषध दिले की रक्तातील साखर चढते. अल्पेलिसिब हे अशा प्रकारचे औषध स्तनाच्या विशिष्ट कर्करोगासाठी अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. त्याच्या मुख्य चाचणीत, पीआय-३ कायनेजच्या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांत, रोग न वाढता राहण्याचा काळ सुमारे साडेपाच महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेला. पण औषध घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांची साखरही वाढली. साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, आणि ते इन्सुलिन गाठीतला बंद केलेला निरोप पुन्हा चालू करू शकते.

२०१८ साली कँटली यांच्या गटाने, डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांच्या सहभागाने, उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधाबरोबर पिष्टमय पदार्थ अगदी कमी असलेला आहार दिला तेव्हा इन्सुलिन खाली राहिले आणि औषधाचा गुण वाढला. आपल्याकडे पोहोचली ती एवढीच बातमी. त्याच प्रयोगात औषधाशिवाय नुसता हा आहार दिला तेव्हा रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात रोग उलट वेगाने वाढला. ही ओळ मात्र वाटेतच गळाली.

माझे मत स्पष्ट आहे. आहार हाही औषधाइतकाच जपून वापरायचा उपाय आहे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या औषधाबरोबर, किती दिवस, हे ठरवल्याशिवाय तो देऊ नये. उंदरावरचा प्रयोग हे वैद्यकाचे पहिले पाऊल असते, घरच्या स्वयंपाकाचा नियम नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाचे वजन घटले, स्नायू झिजले, तर त्याला केमोथेरपी सोसत नाही. गाठ उपाशी राहील न राहील, माणूस मात्र नक्की उपाशी राहतो.

याचा अर्थ वाटेल तितके गोड खावे असा नाही. सरबते, शीतपेये, मिठाई यांना आवर घालावाच. मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळावी. वर सांगितलेल्या प्रकारची औषधे चालू असताना फार तहान लागली, वारंवार लघवीला जावे लागले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. पण भाकरी, वरण, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी, हे कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून तोडू नये. काही तोडायचे असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि दर आठवड्याला रुग्णाचे वजन लिहून ठेवावे.

त्या मुलाला हे सारे समजावले. त्यांच्या उपचाराच्या डॉक्टरांशीही फोनवर बोललो. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा वजन उतरायचे थांबले होते. म्हणाल्या, "आता अर्धी भाकरी जाते." या आजारात हेही थोडे नाही.