पाचशे रूबलांचं गाव

जुन्या नोटा विकणाऱ्याकडे परवा पाचशे रूबलची नोट दिसली आणि माझा अख्खा रविवार नकाशात गेला; ही खोड जुनीच. नोटेवर श्वेत समुद्रातल्या सोलोवेत्स्की बेटांवरचा मठ आहे. १९९७ च्या नोटेत त्याच्या शिखरांवर घुमट नव्हते, नुसती ओबडधोबड छपरं होती, सोव्हिएत काळातली. २०१० च्या आवृत्तीत गोंडस घुमट बसवले. ही दुरुस्ती मला साफ नामंजूर आहे. १९२३ पासून इथे कैद्यांची छावणी होती, जुन्या रशियन साहित्याचे पुढे थोर अभ्यासक झालेले दिमित्री लिखाचोव्ह इथेच खितपत होते. तो काळ घुमटाखाली झाकायचा कशाला? बाकी मठ पहिल्यापासूनच तापट. पूजाविधीतल्या सुधारणा नकोत म्हणून १६६८ ते १६७६ साधूंनी झारच्या फौजेला वेशीबाहेर ठेवलं. १८५४ मध्ये ब्रिटिश जहाजांनी तोफा डागल्या, पण धोंड्यांच्या त्या अजस्र भिंती बधल्या नाहीत. एरवी हेच साधू तळी कालव्यांनी जोडत, आणि मेणाच्या कारखान्याची ऊब वापरून आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यावर कलिंगडं पिकवत! भक्तीला असं रसाळ फळ मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आज या बेटांवर तळी पाचशेच्या वर आणि माणसं हजाराच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एका गृहसंकुलाएवढी. उन्हाळ्यात यात्रेकरूंची झुंबड. हिवाळ्यात बोटी बंद आणि सगळी भिस्त अर्खांगेल्स्कच्या विमानावर.