परिचारिकेची खरी पाठशाळा

बारावीचा निकाल हाती आला, म्हणजे परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी जो खल चालतो, त्यात बहुधा तीन मते प्रबळ ठरतात: पदवी हीच खरी विद्या असून जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविका ही मागे राहिलेल्यांची सोय होय, हे पहिले, जिची इमारत प्रशस्त आणि जिच्या जाहिरातीत परदेशी नोकरीची ग्वाही, ती संस्था श्रेष्ठ, हे दुसरे, आणि सरकारदरबारची मान्यता असली की सर्व संस्था सारख्याच, म्हणून घराजवळची पत्करावी, हे तिसरे. तिन्ही मते हितचिंतकांचीच असतात. तथापि ज्या विद्येतील उणिवेची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने करावी लागते, तिच्याविषयीचे मत केवळ सद्हेतूच्या शिफारशीवर ग्राह्य धरता येत नाही.

पहिल्या मतात तथ्य नाही असे नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पदव्युत्तर शिक्षणाचे आणि अध्यापनाचे दार थेट उघडतो, व ज्या मुलीस तो सुस्थित संस्थेत मिळत असेल तिने तो अवश्य घ्यावा. परंतु त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. कला शाखेतून आलेल्या खेड्यातील मुलीस जीएनएमचेच दार खुले असते. तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम पुरा करणारी मुलगीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका म्हणूनच रुजू होते, आणि पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षे करून तीच पदवी धारण करू शकते. ज्या वाटेने पदवीपर्यंत जाता येते, त्या वाटेला कनिष्ठ म्हणणे हा केवळ नावाचा मोह होय.

दुसऱ्या मताचे खंडन या व्यवसायाचा इतिहासच करतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० साली निघाली ती लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. आणि रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना या विद्येकडे वळविले, तेव्हा शिकण्यासाठी त्यांना ससून रुग्णालयातच धाडले. रुग्ण जेथे आहे तेथे शाळा जावी, हे या दोघींनी ओळखले होते. प्रयोगशाळेतील पुतळ्याच्या दंडात सुई टोचून हात वळतो खरा, पण वेदनेने कण्हणाऱ्याची कूस बदलताना काय बोलावे, हे पुतळा शिकवीत नाही. परदेशाचे म्हणाल, तर तेथील परवान्याची परीक्षा ज्याची त्याने द्यावयाची असते. संस्थेची हमी तेथे चालत नाही.

तिसरे मत सर्वांत घातक, कारण ते सर्वांत सावध वाटते. मान्यता हवीच, आणि तिचा कागद स्वतः वाचावा, हे निर्विवाद. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने शंभर खाटांचे संलग्न रुग्णालय, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असे दंडक घालून दिले आहेत. पण दंडक म्हणजे किमान मर्यादा. आणि तपासणी खाटांची होते, शिक्षण रुग्णांवर होते. साधा हिशेब करावा: साठ जागांच्या पदवी महाविद्यालयात चार वर्षांच्या मिळून दोनशे चाळीस विद्यार्थिनी; त्यांतील तृतीयांश एका वेळी वॉर्डात आहेत असे धरले, तरी दोनशे चाळीस रुग्ण हवेत. शंभर खाटा भरलेल्या असूनही ते पुरत नाहीत, मग निम्म्या रिकाम्या असतील तर काय?

तेव्हा आमचा पक्ष असा, की संस्था तिच्या रुग्णालयावरून पारखावी. एखाद्या साध्या दिवशी आगाऊ सूचना न देता तेथे जावे. खाटांपेक्षा खाटांवरील माणसे मोजावी. प्रसूतिकक्ष चालू आहे काय, ते विचारावे. अन्य रुग्णालये संलग्न असतील तर ती किती लांब, तेथे कोण नेते, याची चौकशी करावी. दुसऱ्या वर्षाच्या मुलीस गाठून विचारावे, की आठवड्यात ड्युटी किती दिवस, रात्रपाळी कधी लागते, आणि खाटेजवळ उभे राहून शिकविणारी शिक्षिका आहे की नुसती हजेरी घेणारी. सर्व वर्षांचा खर्च लेखी मागावा, आणि मूळ दाखले अडकवून ठेवण्याची अट असेल तेथून परतावे.

भरलेल्या रुग्णालयाची पदवी मिळत असेल, तर ती घ्यावी. परंतु रिकाम्या रुग्णालयाची पदवी आणि भरलेल्या रुग्णालयाची पदविका यांत निवड करावयाची वेळ आली, तर मुलीने व तिच्या वडीलधाऱ्यांनी निःशंकपणे पदविका स्वीकारावी. पदवी पुढे दोन वर्षांत भरून काढता येते. रिकाम्या वॉर्डात गेलेली वर्षे भरून काढणारा अभ्यासक्रम कोठेही नाही.