शेत न खाणारे कुंपण



कापसाचा भाव पडला की शहाण्यांच्या तोंडून एक सल्ला हमखास ऐकू येतो, ‘शेतकऱ्याने जोडधंदा करावा.’ कधी कोंबड्या, कधी शेळ्या, कधी कोरफड, कधी सफेद मुसळी. रोपे विकणारा पैसे घेऊन जातो, माल घेणारा फिरकत नाही आणि शेतकऱ्याच्या खात्यावर आणखी एक कर्ज चढते. तेव्हा या पानावर करवंदाचे नाव वाचून कोणी कपाळाला हात लावला तर त्यात त्याची चूक नाही.

म्हणून आधीच सांगून टाकतो. करवंदाने कापसाचा तोटा भरून निघणार नाही. कापसाला आणि ज्वारीला उत्पादनखर्चावर आधारित भाव मिळालाच पाहिजे. ही मागणी करवंदाच्या टोपलीखाली झाकण्याची नाही. एकरभर करवंद लावा, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे परसाच्या कुंपणापुरते आहे.

या कुंपणाचा हिशेब कधी कोणी मांडला आहे काय? दरसाल मृगाआधी बाभळीच्या, बोरीच्या काट्या तोडायच्या, गाडीत भरायच्या, परसाभोवती रोवायच्या. वर्षभरात त्यांना वाळवी लागते, उरलेल्या चुलीत जातात. पुढल्या साली पुन्हा तेच. पिकाचा खर्च मांडताना घरच्या माणसांची मजुरी धरायला आपण संघटनेत शिकलो. कुंपणाची मजुरी मात्र अजून कोणाच्या वहीत चढलेली नाही. काटेरी तार घ्यावी तर रोख पैसा लागतो, आणि तोच तर घरात नसतो.

करवंदाचे झुडूप एकदा रुजले की हे काम कायमचे संपते. सह्याद्रीच्या कातळावर, जिथे कोणी खत घालत नाही की पाणी देत नाही, तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. बारमाही हिरवे, जोडीजोडीने ताठ काटे, पान तोडले की पांढरा चीक. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मुरमाड, बरड जागा त्याला चालते. चालत नाही ते साचलेले पाणी. भारी काळ्या जमिनीत लावायचे तर बांधावर किंवा उंच वरंब्यावरच लावावे.

लावण्याची रीत सोपी आहे. मे-जूनमध्ये पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत, बी काढून धुवावे, सावलीत सुकवावे आणि आठवड्याच्या आत पिशवीत पेरावे. करवंदाचे बी ठेवणीतले नाही. जुने झाले की उगवत नाही. पुढल्या पावसाळ्यात रोप जागेवर लावता येते. कुंपणासाठी तीन-तीन फुटांवर दीड फुटाचे खड्डे पुरेत. पहिले दोन उन्हाळे मोरीचे पाणी द्यावे आणि शेळ्यांपासून रोपे राखावीत, कारण कोवळ्या रोपाला शेळी सोडत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. छाटणी फळे उतरल्यावर करावी. फुले फांद्यांच्या शेंड्यांना येतात, त्यामुळे सदा कातरलेले कुंपण दिसते छान, पण फळ देत नाही. बियांच्या रोपांत फळ सारखे येत नाही. एखाद्या झुडपाचे फळ मोठे व गरदार असेल तर पावसाळ्यात त्याची गुटी बांधावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात आहे, पण तिच्यासाठी कोणी अडून बसू नये.

आता पैशाचे. कसारा घाटात ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. दिवसभर उन्हात बसून त्यांच्या पदरात काय पडते तेही पाहिले आहे. पिकले करवंद दोन-तीन दिवसांत उतरते. तेव्हा भाव गिऱ्हाईक ठरवते. हेच कच्चे करवंद चिरून, बी काढून, रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवले की शहरातल्या बेकरीत केकवर ‘चेरी’ म्हणून बसते. झुडूप तेच, फळ तेच. काट्यातून हात घालून फळ तोडणारीला चिल्लर मिळते आणि पाकात घालणाऱ्याला नोटा मिळतात. कापूस पिकवणारा आणि कापड विकणारा यांच्यातली गोष्ट याहून वेगळी नाही.

शरद जोशींनी १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली. तिच्यातल्या सीताशेतीत विकतच्या निविष्ठांशिवाय थोड्या जमिनीवर घरच्या बाईने करायची शेती होती, आणि माजघर शेतीत घरातच मालावर प्रक्रिया करायची होती. करवंद या दोन्हींत बसते. कच्च्या फळात आंबटपणा आणि चिकटी इतकी असते की जेली घट्ट व्हायला बाहेरचे काही घालावे लागत नाही. लोणचे तर प्रत्येक घरात जमते. आधी घरापुरते करावे, मग नात्यागोत्यात, मग आठवडी बाजारात. बाटल्या विकायच्या तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, म्हणजे कोणा साहेबापुढे हात जोडावे लागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र भावांना मुद्दाम सांगायची आहे. १९८६ साली चांदवडला लाखांनी स्त्रिया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावाने जमीन केली. मग परसातल्या कुंपणाचा पैसा तरी तिच्याच हाती राहू द्या. कापसाच्या चुकाऱ्यात तो मिसळला की दुकानदाराच्या उधारीत गेलाच म्हणून समजा.

कापसाचे बी आता दरसाल पाकिटातून विकत आणावे लागते. १९७२ साली आलेल्या एकाधिकार योजनेत तर आपला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा ठरत होता. करवंदाला ना पाकीट, ना परवाना, ना कर्ज. म्हणूनच त्याची रोपे कोणी उधारीवर द्यायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्यांच्या गावाजवळ चांगल्या फळाचे झुडूप आहे त्यांनी जूनच्या बैठकीला ताजे बी रुमालात बांधून आणावे आणि वाटावे.

कुंपणच शेत खाते, हे सरकारच्या बाबतीत आपण आजवर अनुभवले. ती लढाई चालूच राहील. लढाईवरून घरी येणाऱ्याच्या दारात निदान एक कुंपण असे असावे, की जे खात नाही, खाऊ घालते.