आधी करार, मग शपथ

जर्मनीत चान्सलरची निवड म्हणजे एरवी निव्वळ उपचार. 6 मे 2025 रोजी फ्रीडरिश मेर्त्स यांची निवड पाहायला अँगेला मर्केलही संसदेच्या सज्जात येऊन बसल्या होत्या. मतदान, अभिनंदन, शपथ असा दिवसाचा क्रम ठरून गेला होता. आकडा जाहीर झाला : 310. लागत होती 316, आणि युतीच्या बाकांवर खासदार होते 328! दुसऱ्या महायुद्धानंतर युतीचा करार हातात असलेला उमेदवार पहिल्या फेरीत पडण्याची ही पहिलीच वेळ. मतदान गुप्त, त्यामुळे कमी पडलेली ती अठरा मते कोणाची, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुपारीच दुसरी फेरी झाली आणि 325 मते घेऊन मेर्त्स निवडून आले. पण त्याच दिवशी फेरी घ्यायची तर नियमाला मुरड घालणे भाग होते, त्यासाठी दोन-तृतीयांश बहुमत हवे होते आणि ते ‘डी लिंके’ या डाव्या पक्षाच्या मदतीशिवाय जमत नव्हते. या पक्षाशी सहकार्य करायचे नाही, असा मेर्त्स यांच्याच सीडीयूचा 2018 चा ठराव आहे. तो ठराव दुपारपुरता खुंटीला टांगला गेला.

मुळात ही युती उभी राहिली तीच काठावर. नोव्हेंबर 2024 मध्ये चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर यांना काढले, तीन पक्षांचे सरकार मोडले आणि 23 फेब्रुवारी 2025 ला निवडणूक झाली. मतदान झाले तब्बल 82.5 टक्के. 630 जागांपैकी सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला भाऊ सीएसयू यांना मिळून 208, अतिउजव्या एएफडीला 152, शोल्त्स यांच्या एसपीडीला 120. एएफडीबरोबर सरकार करायचे नाही, यावर बाकी सगळ्यांचे एकमत. उरली सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी ही जोडी, बहुमतापेक्षा जेमतेम बारा जागा जास्त.

त्या बारा जागांचीही एक कथा आहे. जर्मनीत साधारणपणे पाच टक्के मते मिळाल्याशिवाय पक्षाला संसदेत प्रवेश नाही. झारा वागेनक्नेश्त यांच्या नव्या पक्षाला मिळाली 4.98 टक्के. साऱ्या देशात मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास मते कमी पडली. ती मिळाली असती तर जागांची वाटणी बदलली असती, दोघांचे बहुमत गेले असते आणि मेर्त्स यांना ग्रीन पक्षाचाही दरवाजा ठोठवावा लागला असता. मेर्त्स यांना बहुमत मतदारांनी दिले त्याहून जास्त पाच टक्क्यांच्या उंबरठ्याने दिले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या वाचकाने नीट पाहण्यासारखे आहे. निकालानंतर दीड महिना वाटाघाटी झाल्या आणि 9 एप्रिलला 144 पानांचा युती-करार लोकांसमोर आला. किमान वेतन तासाला 15 युरोंपर्यंत नेण्याचे लक्ष्य, शेतकऱ्यांच्या डिझेलवरची सवलत परत, निवृत्तिवेतनाची पातळी 48 टक्क्यांवर राखणे, कोणते खाते कोणत्या पक्षाकडे, सगळे त्यात होते. मग एसपीडीने तो आपल्या साडेतीन लाखांहून अधिक सदस्यांपुढे ठेवला. 56 टक्के सदस्यांनी मत दिले, त्यातल्या 84.6 टक्क्यांनी होकार कळवला. शपथविधी त्यानंतर.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. 2004 मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांचा शपथविधी 22 मेला झाला आणि संपुआचा किमान समान कार्यक्रम 27 मेला बाहेर आला. महाराष्ट्राने तर 2019 मध्ये याहून मोठी मौज पाहिली. भाजप आणि शिवसेना एकत्र लढले, 105 आणि 56 मिळून बहुमतही झाले, आणि मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घ्यायचे ठरले होते की नव्हते, यावर युती फुटली. बंद खोलीत शब्द दिला होता, असे उद्धव ठाकरे म्हणाले. असा शब्द दिलाच नव्हता, असे अमित शहा म्हणाले. मत देऊन मोकळ्या झालेल्या मतदाराला यातले काय खरे मानायचे, हे ठरवायला एक कागदाचा चिटोराही नव्हता. त्यानंतर आलेल्या महाविकास आघाडीने आपला कार्यक्रम शपथविधीच्याच दिवशी जाहीर केला, हे त्यातल्या त्यात बरे.

अर्थात, जर्मन कागदाला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. त्या 144 पानांत एक कलम असे आहे की, करारातल्या सगळ्या गोष्टी निधी उपलब्ध असेल तरच. म्हणजे आश्वासन दिले आणि दोरीही हातात ठेवली. त्याहून गंभीर गोष्ट कराराच्या आधीच उरकली होती. प्रचारात मेर्त्स सरकारी कर्जावरची घटनात्मक मर्यादा जपण्याची भाषा करत होते. निवडणुकीनंतर महिन्याच्या आत, 18 मार्चला, त्यांनी संरक्षणखर्चासाठी तीच मर्यादा सैल करून घेतली आणि पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंच्या कर्जनिधीची वाट मोकळी केली. तीही कोणत्या संसदेत? मावळत्या! नव्या सभागृहात एएफडी आणि डी लिंके मिळून घटनादुरुस्ती अडवू शकले असते, म्हणून जुन्याच खासदारांना पुन्हा बोलावले. ग्रीन पक्षाच्या मतांची किंमत म्हणून त्यातले 100 अब्ज हवामाननिधीकडे वळवले गेले. कायद्याला धरून सगळे ठीक. पण नुकतेच मत दिलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावून घेतल्यासारखेच हे झाले. या सरकारचा सर्वांत महागडा निर्णय एसपीडीच्या सदस्यांपुढे करार आला तेव्हा होऊन गेलेला होता.

लेखी करारामुळे खासदार लगामात राहतात, हाही समज 6 मेला उघडा पडला आणि दोन महिन्यांनी पुन्हा पडला. 11 जुलैला घटनात्मक न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांची निवड व्हायची होती. नावांवर दोन्ही पक्षांच्या नेत्यांची संमती होती. एसपीडीने सुचवलेल्या फ्राउके ब्रोझिउस-गेर्सडॉर्फ यांच्या गर्भपातविषयक मतांवरून सीडीयू-सीएसयूच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, तिचे बंड झाले आणि ऐन दिवशी तिन्ही निवडी विषयपत्रिकेवरून काढाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच माघार घेतली, एसपीडीने दुसरे नाव दिले आणि सप्टेंबरात तिघांची निवड पार पडली.